सागरी प्रवाळ मत्स्यालयातील पाणी-चाचणी संच

पाणी-चाचणी संच म्हणजे मत्स्यालयाच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण घरच्या घरी मोजण्यासाठी वापरली जाणारी रसायने, परीक्षानळ्या, रंगतक्ते किंवा छोटी उपकरणे यांचा संच होय. जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात असे संच आवश्यक मानले जातात. नवशिक्या मत्स्यपालकाला सर्व संच एकदम लागत नाहीत. टाकीच्या त्या त्या अवस्थेत कोणता घटक आधी बिघडतो आणि संच तो बदल किती बारकाईने दाखवतो, यांवर निवड अवलंबून असते.

पार्श्वभूमी

समुद्राच्या पाण्याचे गुणधर्म त्याच्या प्रचंड आकारमानामुळे जवळजवळ स्थिर असतात. त्याची लवणता सरासरी ३५ ग्रॅम प्रतिकिलोग्रॅम असून पृष्ठभागावरील पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, सुमारे ८.१ असतो. एका लिटरमध्ये सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. शे-दोनशे लिटरच्या टाकीत मात्र माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य साचत जाते, बाष्पीभवनाने लवणता वाढते आणि प्रवाळ आपल्या सांगाड्यासाठी पाण्यातील खनिजे शोषून घेतात. हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणीही त्यातील जिवांना घातक असू शकते.

चाचणीच्या पद्धती

* रंगतुलना : पाण्याच्या नमुन्यात रसायन टाकल्यावर येणारा रंग छापील तक्त्याशी ताडून पाहतात. अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांसाठी ही पद्धत रूढ आहे.
* अनुमापन : नमुन्याचा रंग पालटेपर्यंत त्यात थेंबाथेंबाने द्रावण मिसळतात. किती थेंब किंवा सिरिंजमधील किती द्रावण लागले, त्यावरून प्रमाण ठरते. अल्कता, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांसाठी ती वापरतात.
* प्रकाशमापन : नमुन्यातून जाणारा प्रकाश मोजून उपकरण थेट आकडा दाखवते. रंगांतील सूक्ष्म फरक ओळखणे कठीण जाणाऱ्यांना ही पद्धत सोयीची आहे.
* चाचणीपट्ट्या : या जलद असल्या तरी त्यांच्या आकड्यांमधील अंतर मोठे असते. त्यामुळे प्रवाळ मत्स्यालयातील निर्णयांसाठी त्या अपुऱ्या ठरतात.

संच खाऱ्या पाण्यासाठी योग्य असल्याचे वेष्टनावर नमूद असावे लागते, कारण गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या काही चाचण्या समुद्री क्षारांमुळे चुकीचे निकाल देतात.

टप्प्यानुसार निवड

पहिला टप्पा : लवणता

टाकी भरतानाच लवणता मोजावी लागते. २५ अंश सेल्सिअसला ३५ लवणतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असते. तरत्या किंवा काट्याच्या साध्या हायड्रोमीटरला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा असतो, पण तो केवळ शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवणे पुरेसे नाही. ३५ लवणतेच्या प्रमाणित द्रावणानेही तो तपासून घ्यावा लागतो.

दुसरा टप्पा : नायट्रोजन चक्र

नव्या टाकीत जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारणतः तीन ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊ लागते. अमोनिया सर्वांत घातक असतो आणि सामू जितका जास्त, तितका त्याचा विषारी अंश वाढतो. त्यामुळे मासे सोडण्यापूर्वी अमोनियाची चाचणी अनिवार्य ठरते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे माशांच्या कल्ल्यांतून नायट्राइट कमी शोषले जाते, म्हणून गोड्या पाण्याच्या तुलनेत येथे त्याचा धोका पुष्कळ कमी असतो. त्याची चाचणी मुख्यतः चक्राची प्रगती समजण्यासाठी उपयोगी पडते.

पाण्यात नायट्राइट शिल्लक असताना अनेक नायट्रेट संच प्रत्यक्षाहून मोठा आकडा दाखवतात, कारण या चाचणीत नायट्रेटचे आधी नायट्राइटमध्ये रूपांतर केले जाते. म्हणून नायट्राइट शून्यावर आल्यानंतरच नायट्रेटच्या आकड्यावर विसंबणे योग्य ठरते.

तिसरा टप्पा : प्रवाळांची वाढ

कठीण प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतात. त्यासाठी त्यांना कॅल्शियम व कार्बोनेट दोन्ही लागतात. पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता म्हणजे अल्कता होय. कार्बोनेटचा साठा किती आहे, हे तिच्यावरून कळते. अल्कता बहुधा जर्मन अंशांत मोजतात. संचांवर या एककाचा उल्लेख डीकेएच असा असतो. समुद्रात ती सुमारे ७ अंश असते आणि मत्स्यालयात साधारणतः ७ ते ११ अंशांच्या दरम्यान स्थिर ठेवतात.

सांगाडा तयार होताना प्रत्येक २.८ अंश अल्कतेमागे लिटरला सुमारे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च होते. अल्कता ७ वरून ४.२ अंशांवर आली, तर तो साठा ४० टक्क्यांनी घटलेला असतो. त्याच काळात कॅल्शियम मात्र ४२० वरून ४०० वर येते; ही घट पाच टक्क्यांहूनही कमी आहे. ज्या संचात एक थेंब २० मिलिग्रॅम कॅल्शियम दर्शवतो, त्यात हा फरक अवघ्या एका थेंबाचा दिसतो. म्हणजेच कॅल्शियमचा आकडा समाधानकारक दिसत असताना प्रवाळ संकटात असू शकतात. या कारणामुळे तिसऱ्या टप्प्यात पहिली खरेदी अल्कतेच्या संचाची असावी. एका थेंबाला एक अंश दाखवणारा संच सुरुवातीला चालतो. कठीण प्रवाळांची संख्या वाढल्यावर ०.१ ते ०.३ अंशांचा फरक दाखवणारा संच अधिक उपयुक्त ठरतो.

केवळ मृदू प्रवाळ असलेल्या टाकीत खनिजांचा खर्च अल्प असतो व नियमित पाणीबदलाने तो बहुधा भरून निघतो. मॅग्नेशियम पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटला अकारण साक्यात रूपांतरित होऊ देत नाही. त्याचा खर्च सावकाश होत असल्याने वारंवार चाचणीची गरज नसते.

फॉस्फेट

प्रवाळ मत्स्यालयात फॉस्फेट साधारणतः ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ठेवण्याचा प्रघात आहे. ज्या तक्त्यावर शून्यानंतरचा रंग थेट ०.२५ चा असतो, त्यावर ही संपूर्ण मर्यादा शून्यवत दिसते. म्हणून या घटकासाठी कमी पल्ल्याचा प्रकाशमापी निवडतात. फॉस्फेट पूर्णतः संपणेही प्रवाळांना हानिकारक असते.

एकके

एकाच पाण्याचे आकडे एककानुसार वेगळे दिसतात. एक जर्मन अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात सुमारे १७.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नायट्रेट-नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यास नायट्रेट मिळते. काही प्रकाशमापी फॉस्फेटऐवजी फॉस्फरस अब्जांश भागांत दाखवतात. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १,००० ने भागल्यास फॉस्फेट मिलिग्रॅममध्ये मिळते. त्यानुसार २० हा आकडा सुमारे ०.०६ मिलिग्रॅम फॉस्फेट दर्शवतो.

पडताळणी

मुदत संपलेली किंवा उष्ण जागी ठेवलेली रसायने चुकीचे निकाल देतात. अल्कतेच्या संचाची पडताळणी घरीही करता येते. ३ ग्रॅम शुद्ध खाण्याचा सोडा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करावे. त्यातील १०० मिलिलिटर घेऊन त्यात तसेच पाणी मिसळून पुन्हा १ लिटर करावे. या द्रावणाची अल्कता सुमारे १० अंश येते. बेकिंग पावडर यासाठी चालत नाही, कारण तिच्यात आम्लेही असतात.

नळ्या चाचणीनंतर शुद्ध पाण्याने धुणे, रंग दिवसाच्या उजेडात पाहणे आणि चाचणी दररोज ठरावीक वेळी करणे, यांमुळे निकालांची तुलना शक्य होते. प्रकाशसंश्लेषणामुळे सामू दिवसा वाढतो व रात्री घटतो, त्यामुळे वेळेचे बंधन सामूच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. एकाच अनपेक्षित आकड्यावरून पाण्यात रसायने घालण्यापूर्वी चाचणी पुन्हा करावी. वेगाने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा प्रवाळांना अधिक त्रासदायक ठरू शकते.

भारतातील संदर्भ

समुद्री मीठ मिसळण्यासाठी रिव्हर्स ऑस्मोसिस पद्धतीने शुद्ध केलेले पाणी वापरतात. मात्र पिण्याच्या पाण्याच्या अनेक घरगुती यंत्रांत चवीसाठी मूळ पाणी किंवा खनिजे मिसळण्याची सोय असते. त्यामुळे टीडीएस मापकाने ते पाणी आधी तपासणे आवश्यक ठरते. हा मापक विरघळलेल्या पदार्थांच्या एकूण प्रमाणाचा अंदाज देतो. ते पदार्थ कोणते हे त्यावरून कळत नाही.

भारतात खडक निर्माण करणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणसह देशाच्या कोणत्याही किनाऱ्यावरून असे प्रवाळ मत्स्यालयासाठी काढून आणणे बेकायदेशीर आहे.