पायवाट माथ्यावर का जात नाही?

‘सोलापूरला डोंगर कुठे आहेत?’ असे आपण वर्गात सहज बोलून जातो. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची साडेचारशे मीटरच्या थोडी वर आणि चहूकडे माळ. पण बार्शी ओलांडून पांगरीवरून येडशीकडे निघालात, की समोर सपाट माथ्याची एक लांबच लांब भिंत उभी राहते. ही बालाघाट डोंगररांगेची कड. स्थलनिर्देशक नकाशात या कडेवर अनेक माथे दिसतात. काहींना नाव आहे, बहुतेकांना नाही. समोच्च रेषांचे एक आटोपशीर कडे, मध्ये ठिपका किंवा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा, एवढीच त्यांची ओळख. तिथे गड नाही, देऊळ नाही, म्हणून पायऱ्या नाहीत आणि दगडांवर रंगवलेले बाणही नाहीत. वाटा मात्र पुष्कळ आहेत. गुरांच्या, रानडुकरांच्या आणि त्यांच्या मागावर हिंडणाऱ्या शिकाऱ्यांच्या.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात नववीच्या अकरा मुलामुलींना घेऊन मी अशाच एका बिननावाच्या माथ्यावर निघालो. पायथ्याच्या वस्तीवरचे एक वयस्कर पारधी आबा हौसेने बरोबर आले. एक ठसठशीत वाट वर चढत होती. ती माथ्यालाच जाणार असे मी गृहीत धरले. निम्मा डोंगर चढल्यावर वाट आडवी झाली आणि डोंगराला वळसा घालून एका पाझरापाशी संपली. मी चक्रावलो. आबा हसून म्हणाले, “गुरुजी, माथ्यावर काय हाय? ना पानी, ना सावली. जनावर तिथं कशाला जाईल? आन् जनावर जात न्हाई तिथं आमी तरी कशाला जावं?”

हे एक वाक्य ध्यानात घेतले की डोंगरावरच्या वाटांचे निम्मे कोडे सुटते. माथा गाठण्याची हौस तुमची-आमची. वाट ज्यांच्या पायांनी पडते त्यांना पाणी, चारा, आडोसा आणि पलीकडे उतरण्याची सोपी जागा एवढेच हवे असते.

आता यात विज्ञान कुठे आले? पहिली गोष्ट श्रमांची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक साधा ठोकताळा दिला. दर तीन मैलांना एक तास आणि वर चढाव्या लागणाऱ्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात, ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. यावरून मुलांना एक हिशेब करायला सांगा. १०० मीटर चढायला १० मिनिटे जादा लागतात. तेवढ्या वेळात सपाटीवर माणूस सुमारे ८०० मीटर चालतो. म्हणजे समोरच्या १०० मीटर उंच टेकाडावर चढून पलीकडे उतरण्यापेक्षा त्याला पाऊण किलोमीटरचा वळसा घालणेही परवडते. बैलाला नेस्मिथ ठाऊक नसतो, पण त्याच्या पायांना हा हिशेब पक्का येतो. चढ साधारण १५ अंशांच्या पुढे गेला, की वर जाणारी वाटही सरळ न राहता नागमोडी होते, तीही याच कारणाने.

दुसरी गोष्ट खडकाची. आपला दख्खनचा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर साचून घडला. यातला घट्ट काळा पाषाण सहज झिजत नाही, त्याचा कडा उभा राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे सपाट पदर तयार होतो. म्हणून इथले डोंगर लांबून जिन्यासारखे दिसतात. पावसाचे पाणी सच्छिद्र थरात व भेगांत मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोन थरांच्या सांध्याशी पाझरते. म्हणजे चालायला सोपी सपाटी आणि प्यायला पाणी बहुधा एकाच उंचीवर, एकाच पदरावर! वाट पदर धरून आडवी जाते याचे आश्चर्य वाटायला नको. नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये जास्त मोकळी जागा दिसली, की तिथे वाट असेल असा अंदाज मुलांना आधीच बांधायला सांगावा. प्रत्यक्षात तो खरा ठरला, की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि वाट पडते कशी? पहिले जनावर गवत जरा दबवते. दुसऱ्याला तिथून जाणे थोडे सोपे पडते, म्हणून तेही तिथूनच जाते. माती घट्ट होते, बी रुजत नाही, कुसळी मागे हटते. जितकी वापरली तितकी वाट सोपी आणि जितकी सोपी तितकी वापरली जाते. वापर थांबला की दोन-चार पावसाळ्यांत ती बुजते. जर्मनीतील डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमक्या या देवघेवीचे गणिती प्रारूप मांडले. कोणी आखणी न करता वाटांचे जाळे कसे तयार होते, हे त्यांनी संगणकावर दाखवले. शाळेच्या मैदानावर कोपरा कापून जाणारी पायवाट हे त्याचे घरचे उदाहरण. ती पुसायचा हुकूम मुख्याध्यापकांनी कितीदा काढला तरी ती पुसली जात नाही.

वाट कुणाची हे ओळखायची आबांची खूण मला फार आवडली. ते खाली बघत नसत, समोर बघत. ज्या वाटेवर झुडपे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच मोकळी असतात आणि वर काटेरी फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, ती डुकराची किंवा साळिंदराची. माणूस तिथे ओणवा होऊन जाईल आणि बोरीच्या काट्यांत अडकेल. कंबर-छातीपर्यंत मोकळी ती गुरांची. डोक्यापर्यंत मोकळी आणि मध्ये एखादी फांदी कोयत्याने तिरपी छाटलेली दिसली, तर तीच माणसाची. पाऊलखुणा पावसाने जातात, वाटेची ही उंची टिकून राहते.

हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले त्या फासेपारध्यांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. तित्तर, लावे, ससे, काळवीट यांच्या वाटा हेरायच्या आणि वाट जिथे अरुंद होते तिथे फास लावायचे, ही त्यांची रीत. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून सावजाजवळ जाण्याची युक्तीही त्यांचीच. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि अशा जमातींसाठी सोलापुरात कुंपणातली वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण शहरातल्या त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून पुसलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. मात्र शिकार गेली तसे माग काढण्याचे ज्ञानही चालले आहे. आबांच्या नातवाला डुकराची वाट ओळखता येत नव्हती.

मग माथ्यावर जायचे कसे? शिकाऱ्याची वाट खिंडीपर्यंत नेते, कारण पलीकडे उतरायला खिंड हीच सोयीची. खिंडीत वाट सोडायची आणि डोंगराची धार धरायची. धारेवर पाणी साचत नाही, झाडी विरळ असते, दोन्ही बाजूंचे दिसते, आणि धार माथ्यालाच मिळते. आम्ही तसेच केले आणि वर पोचलो. आबा खिंडीतूनच घरी परतले होते.

चूक उतरताना झाली, आणि ती माझी. चढताना डोंगराच्या सोंडा एकत्र येत जातात. कुठलीही धरली तरी माथा एकच. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, आणि दर फाट्यावर चुकण्याची एक संधी. मी शेजारची सोंड धरली. चूक लक्षात आल्यावर दुसरी चूक केली. ‘ओढा गावाला जातो’ म्हणून मुलांना ओढ्यात उतरवले. ओढा गावाला जातो हे खरे, पण वाटेत काळ्या पाषाणाचा थर आला की त्याचा धबधबा होतो. दोन पुरुष उंचीचा कोरडा कडा समोर आला तेव्हा सूर्य टेकला होता. एक मुलगी रडू लागली, आणि मलाही फार धीर होता असे नाही. मागे फिरून धारेवर चढलो आणि चांदण्यात खिंड शोधून वस्तीवर पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पालक बॅटऱ्या घेऊन वाटेवर उभे होते.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा : चढताना प्रत्येक फाट्यावर सगळ्यांनी मागे वळून बघायचे, कारण परतताना दिसणारे दृश्य तेच असते. तिथे तीन दगड रचायचे आणि उतरताना मोडायचे. दुपारी दोनला, माथा आला असो वा नसो, परत फिरायचे. ओढ्यात उतरायचे नाही. गावातला माहीतगार माणूस शेवटपर्यंत बरोबर हवा. येडशी-रामलिंगचा भाग १९९७ पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथे वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. अरुंद वाटेवर तारेचा फास दिसला तर हात लावू नये, वनरक्षकाला कळवावे. शेताच्या बांधालगत अधिकच जपावे. डुकरांसाठी तारांत वीज सोडण्याचे बेकायदा प्रकार घडतात आणि त्यात माणसेही दगावली आहेत.

शाळेत करायची तयारी सोपी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. त्यांत समोच्च रेषांमधले अंतर बहुधा २० मीटर असते. खिंडी, धारा आणि पदर मुलांनी रंगवावेत. कोनमापकाच्या मध्याला दोरा व खडा बांधून त्याच्या सरळ कडेवरून समोरच्या उताराकडे पाहिले, की दोरा ९० अंशांपासून जितका ढळला तितका त्या उताराचा कोन. निघण्यापूर्वी नेस्मिथच्या नियमाने वेळ काढून फळ्यावर लिहून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या आमच्या तुकडीचा हिशेब पन्नास मिनिटांचा आला होता आणि प्रत्यक्षात एक तास वीस मिनिटे लागली. बोरे खाण्याचा वेळ नेस्मिथने धरलेला नव्हता.