फाइलच्या नावाआड काय असतं

ऑनलाइन अर्ज भरायला बसलं की पहिली अडचण बहुतेक वेळा फोटोचीच येते. छायाचित्र जेपीजी हवं, तेही ५० केबीच्या आत, स्वाक्षरी वेगळी, दाखले पीडीएफमध्ये. आयफोनवर काढलेला फोटो चढवायला जावं तर साइट तो घेत नाही, कारण २०१७ पासूनचे आयफोन मुळात फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतात. मग कोणीतरी सुचवतं, नावाच्या शेवटचं एचईआयसी खोडून तिथं जेपीजी लिहा. नाव बदलतं, तरी फाइल नाकारली जाते. असं का होतं हे एकदा कळलं, की फाइलींच्या प्रकारांबद्दलचा बराचसा गोंधळ संपतो.

संगणकाच्या लेखी कोणतीही फाइल म्हणजे एका रांगेत मांडलेले आकडे. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. त्याला बाइट म्हणतात. फोटो, सातबारा, भजन, राजीनाम्याचं पत्र, सगळं शेवटी अशीच एक रांग. त्या रांगेतला कुठला आकडा काय सांगतो याचे ठरलेले नियम म्हणजे फाइलचा प्रकार. बहुतेक प्रकार पहिल्या काही बाइटांतच आपली ओळख सांगतात. जेपीजी फाइल २५५, २१६, २५५ अशी सुरू होते. पीएनजीचा पहिला बाइट १३७ असतो आणि पुढच्या तीन बाइटांची अक्षरं केली तर पी, एन, जी हीच मिळतात. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचं चिन्ह आणि पी, डी, एफ. झिप फाइल पी आणि के या अक्षरांनी उघडते. तो प्रकार घडवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची ती आद्याक्षरं.

टिंबानंतरची अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, ही डब्यावर लावलेली चिठ्ठी आहे. मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं तरी आत मीठच राहतं. विंडोज त्या चिठ्ठीवरून फाइल कुठल्या प्रोग्रामकडे सोपवायची ते ठरवतं, पण नीट बांधलेली साइट आतले आकडे तपासते. म्हणून फोटो खरोखर जेपीजी करून घ्यावा लागतो: एखाद्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करताना जेपीजी निवडावं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तिथं 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं, की पुढचे फोटो जेपीजीतच निघतात.

आता ५० केबीचं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत सुमारे १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर फोटो साधारण ३६ एमबीचा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो तीन-चार एमबीत मावतो. हे साधतं ते जेपीजी जे फेकून देतं त्यामुळे. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत माणसाच्या डोळ्यावर आधारलेली आहे. डोळ्याला उजेडातला फरक बारकाईनं कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून जेपीजी चित्राचा उजेड आणि रंग वेगळे करतं आणि रंगाची माहिती बहुधा पाव हिश्श्यावर आणतं. मग चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले अगदी बारीक चढउतार पुसट करतं किंवा पार सोडून देतं. चेहरा, आकाश, झाडं यांत ही काटछाट जाणवत नाही. काळ्या अक्षरांभोवती मात्र ती लगेच दिसते: कडेला धुरकट ठिपके येतात.

हे समजलं की फोटो लहान कसा करायचा तेही आपोआप कळतं. पूर्ण आकाराचा फोटो ठेवून नुसती 'क्वालिटी' कमी करत ५० केबीवर आणला, तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात. आधी फोटो कापावा, मग त्याची रुंदी तीनशे-चारशे ठिपक्यांवर आणावी. दर्जाला फारसा धक्का न लागता वजन उतरतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेपीजी नुसतं उघडल्यानं किंवा कॉपी केल्यानं काहीही बिघडत नाही. पण बदल करून पुन्हा सेव्ह केलं, की प्रत्येक वेळी नवी काटछाट होते. म्हणून मूळ फोटो वेगळा ठेवून प्रतीवरच काम करावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत लहान होतं. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं पोचतं. मात्र तसं पाठवताना फोटो कुठे आणि कधी काढला याची फाइलमध्ये दडलेली नोंदही सोबत जाऊ शकते. अनोळखी माणसाला घरचा फोटो पाठवताना याचा विचार जरूर करावा.

पीएनजी काहीच फेकत नाही. सलग एकसारखे ठिपके आले तर ते थोडक्यात लिहितं, पण उलगडल्यावर प्रत्येक ठिपका पहिल्यासारखा परत मिळतो. त्याच्या आधीच्या गिफमधल्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं; त्यातून सुटका म्हणून १९९६ साली पीएनजी पुढं आलं. स्क्रीनशॉट, संस्थेचं बोधचिन्ह, आलेख, अक्षरं असलेलं कुठलंही चित्र पीएनजीत ठेवावं. निसर्गाचे फोटो त्यात उगाच अवजड होतात.

आवाजाचीही हीच कथा आहे. सीडीच्या दर्जाचा एका मिनिटाचा आवाज सुमारे साडेदहा एमबी जागा घेतो. एमपीथ्री तो साधारण एका एमबीत बसवतं, कारण मोठ्या आवाजाखाली दबलेले आणि कानाला न जाणवणारे सूर ते वगळतं. ऐकायला हे पुरेसं आहे. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा गावातल्या जुन्या कीर्तनकाराचा आवाज जपण्यासाठी ध्वनिमुद्रित करत असाल, तर वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारांतच करा. त्यांत काही गळत नाही. एमपीथ्री त्यातून केव्हाही बनवता येतं. एमपीथ्रीतून गेलेलं मात्र परत येत नाही. एमपीफोर ही तर नुसती पेटी: आत चित्र एका पद्धतीनं बांधलेलं, आवाज दुसऱ्या. जुन्या टीव्हीवर एखाद्या व्हिडिओचा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो, तेव्हा पेटी उघडलेली असते, पण आतल्या चित्राची पद्धत त्या टीव्हीला उलगडत नसते.

कागदपत्रांकडे वळू. वर्डची डॉक्स फाइल २००७ च्या ऑफिसबरोबर आली आणि ती खरं तर झिप फाइलच आहे. खात्री करायची असेल तर एखाद्या डॉक्सची प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात मजकुराची एक फाइल, आणि 'मीडिया' फोल्डरमध्ये लेखात घातलेले फोटो सुटे. स्मरणिकेचं काम करणाऱ्यांना याचा मोठा उपयोग होतो: लेखकानं फोटो डॉक्समध्ये चिकटवून पाठवले, तरी ते इथून वेगळे काढता येतात.

डॉक्समध्ये मजकूर असतो आणि तो कसा दिसावा याच्या सूचना असतात. फॉन्टचं बहुधा नुसतं नाव असतं, फॉन्ट नसतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की बदली फॉन्ट येतो, ओळी सरकतात, पानं वाढतात. पीडीएफ याच्या उलट चालतं. अडोबीनं १९९३ साली आणलेल्या आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या या प्रकारात प्रत्येक अक्षराची आकृती पानावर नेमकी कुठे बसवायची ते लिहिलेलं असतं आणि फॉन्टही सहसा आतच असतो. म्हणून पुढे बदल करायचा असेल तोवर डॉक्स, आणि दाखवायचं, छापायचं, सादर करायचं असेल तेव्हा पीडीएफ. दोन्ही जपा. नुसती पीडीएफ ठेवून डॉक्स पुसणाऱ्यांना पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा टंकावा लागतो.

पीडीएफच्या पोटात नुसता फोटोही असू शकतो. स्कॅन केलेल्या पानावर बोट किंवा माउस फिरवून अक्षरं निवडली जात नसतील, तर ते पान म्हणजे चित्र समजावं. त्यात शब्द शोधता येणार नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तर आणखी वेगळा. त्यावरची स्वाक्षरी म्हणजे फाइलमधल्या बाइटांवर केलेलं गणित असतं. स्वाक्षरीनंतर मजकुरातला एक आकडा बदलला तरी ते जुळत नाही, आणि म्हणूनच त्या फाइलवर विश्वास ठेवता येतो. तिचा स्क्रीनशॉट काढला किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी फाइल केली, की स्वाक्षरीचं नुसतं चित्र उरतं. डाउनलोड झालेली मूळ फाइलच जपून ठेवावी.

एक्सेलबद्दल थोडंच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. सीएसव्ही ही स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल; त्यात हा रकाना आकड्यांचा, तो मजकुराचा, असं काही लिहिलेलं नसतं. एक्सेल ती उघडताना अंदाज बांधतं, आणि बँकेच्या खाते क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य उडवतं. क्रमांक पंधरापेक्षा जास्त अंकी असेल तर पुढचे अंक शून्य होतात. असे रकाने भरण्याआधीच 'टेक्स्ट' करावेत. जुनी एक्सएलएस फाइल ६५,५३६ ओळींपर्यंतच जाते. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये या जुन्या प्रकारामुळे कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. फाइलचा प्रकार निवडणं हे कारकुनी काम समजू नये, ते याचसाठी.

ईएक्सई आणि एपीके यांच्याबाबत मात्र सावधच राहायला हवं. बाकीच्या फाइलींत माहिती असते. या दोन्हींत हुकूम असतात, विंडोजसाठी आणि अँड्रॉइडसाठी. लग्नाचं आमंत्रण किंवा वाहतूक दंडाचं चलान अशा नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. पत्रिका चित्रात येते, पीडीएफमध्ये येते, व्हिडिओत येते. एपीकेमध्ये कधीच येत नाही. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आजच सुरू करून ठेवा.

शेवटी मराठी मजकुराविषयी, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हेच. आज फोनवर लिहिलेलं मराठी युनिकोडमध्ये असतं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक आहे, 'म'चा २३५०. फाइलमध्ये तो बहुधा यूटीएफ-८ पद्धतीनं २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. 'मराठी' हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणून पंधरा बाइटांचा. वाचणाऱ्या प्रोग्रामनं ही पद्धत ओळखली नाही, तर तो प्रत्येक बाइटाला वेगळं अक्षर समजतो आणि टोप्या चढवलेली परकी अक्षरं दाखवतो. मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमध्ये अशी दिसली तर मजकूर बिघडलेला नसतो. 'डेटा' टॅबमधून ती आत घेताना यूटीएफ-८ निवडा, नावं जशीच्या तशी दिसतील. पीडीएफमधलं मराठी कॉपी करताना 'विचार'मधली वेलांटी 'व'च्या आधी येऊन पडते, त्याचं कारणही प्रकारातच आहे: युनिकोड 'व' आधी आणि वेलांटी नंतर लिहितं, पीडीएफ मात्र आकृत्या डोळ्याला दिसतात त्या क्रमानं मांडू शकतं.

पण युनिकोड घरोघरी पोचण्याआधीची वीसेक वर्षं वेगळी होती. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं ते विंडोज २००० बरोबर, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या 'मंगल' फॉन्टसह. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, आपली पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकले गेले. त्या फाइलींत मराठी अक्षरं नाहीतच. आत आहेत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. त्या जागी मराठी आकृती दाखवायचं काम फॉन्ट करतो, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की समोर अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग उरतो. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडर त्यातून काहीच वाचू शकत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं उपलब्ध आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता होता हे त्यांना सांगावं लागतं. ते ठाऊक असलेली माणसं, छापखान्यातले अक्षरजुळणी करणारे, अंकांचे जुने संपादक, अजून आपल्यात आहेत. तुमच्या घरात, वाचनालयात किंवा संस्थेच्या कपाटात अशा सीडी पडून असतील तर त्या बाहेर काढा, फॉन्टचं नाव विचारून लिहून ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या. जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांनी तपासा. एक प्रत डॉक्समध्ये ठेवा, दुसरी पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच ठरवलेल्या प्रकारात, आणि मूळ फाइल पुसू नका.