‘+’ नावाचा ग्राहक

मे २०१७ मध्ये मॉस्किटो या ब्रोकरची १.४.१२ ही आवृत्ती आली. तिच्यातली एक दुरुस्ती अगदी छोटी दिसते: ज्या ग्राहकाच्या नावात ‘+’ किंवा ‘#’ आहे, त्याला नावावरून परवानगी ठरणाऱ्या ठिकाणी निरोप पाठवता येणार नाही आणि घेताही येणार नाही. या एका ओळीमागे मोठं भगदाड होतं.

ब्रोकर म्हणजे निरोपांची ने-आण करणारा मधला प्रोग्राम. विहिरीवरचा सेन्सर पाण्याची पातळी ब्रोकरला कळवतो आणि ज्यांना ती हवी असेल त्यांच्यापर्यंत ब्रोकर ती पोचवतो. पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. मॉस्किटो ज्या एमक्यूटीटी पद्धतीने बोलतो ती अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी रचली. आज घरातल्या दिव्यांपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत ती पसरली आहे.

या पद्धतीत प्रत्येक निरोपाला टॉपिक असतो, उदाहरणार्थ ‘मीटर/सुनंदा/वाचन’. ऐकणाऱ्याला सगळ्यांची वाचनं हवी असतील तर तो ‘मीटर/+/वाचन’ मागतो. ‘+’ म्हणजे त्या जागी काहीही चालेल. ‘#’ म्हणजे तिथून पुढचं सगळंच.

आता परवानग्या. हजार ग्राहकांसाठी हजार नियम कोण लिहिणार? म्हणून एकच साचा लिहितात, ‘मीटर/(नाव)/वाचन’, आणि जो जोडला जाईल त्याचं नाव ब्रोकर त्या जागी भरतो. सुनंदाला सुनंदाचंच मीटर दिसतं. व्यवस्था सुटसुटीत आहे. पण कुणी आपलं नावच ‘+’ सांगितलं तर? साचा भरून ‘मीटर/+/वाचन’ असा नियम तयार होतो आणि सगळ्यांची मीटरं त्याच्यापुढे उघडी पडतात. युजरनेमला निदान पासवर्डची जोड असू शकते. क्लायंट आयडी मात्र जोडणारा स्वतःच ठरवतो, आणि साच्यात तोही वापरता येतो.

हे निष्काळजीपणाने घडलं असं मला वाटत नाही. निरोप पाठवताना टॉपिकमध्ये ही दोन चिन्हं चालत नाहीत, हे एमक्यूटीटीच्या मानकातच लिहिलं आहे. नावाबद्दल मात्र मानक सैल आहे. इंग्रजी अक्षरं आणि अंक यांचं २३ बाइटपर्यंतचा क्लायंट आयडी ब्रोकरने स्वीकारलाच पाहिजे, त्याहून वेगळं काही चालवून घ्यायला त्याला मोकळीक आहे. म्हणजे नाव म्हणून ‘+’ वैध होतं. तेच नाव नियमाच्या मधोमध जाऊन बसलं की त्याचा अर्थ बदलत होता. तपासणी दारात झाली की काम संपलं, हा समज इथे घातक ठरला. मजकूर पुढे जिथे वापरला जाणार, तिथल्या अर्थाने तो तपासायला हवा होता. परवानग्या तपासणाऱ्या, इतरांनी लिहिलेल्या प्लगइनमध्येही हाच दोष असण्याची शक्यता होती. म्हणून दुरुस्तीत त्यांनाही ब्रोकरकडूनच संरक्षण दिलं गेलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अपाचे ॲक्टिव्हएमक्यू या ब्रोकरमध्ये बाहेरून आलेल्या नावावर विसंबण्याचा याहून भयंकर प्रकार उघड झाला. इथली वाट होती चूक झाल्याची सूचना. त्या सूचनेत कोणत्या प्रकारची चूक झाली त्याचं नाव, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या क्लासचं नाव, आणि सोबत एक वाक्य असे. ब्रोकर त्या नावाचा क्लास शोधून ते वाक्य त्याच्या हाती देई. हल्लेखोरांनी स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमधल्या अशा क्लासचं नाव दिलं, जो हाती आलेल्या पत्त्यावरून फाइल आणतो आणि तिच्यातल्या सूचना पाळतो. वाक्याच्या जागी त्यांनी आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहिला. अपाचेने या दोषाला १० पैकी १० गुण दिले, आणि काही दिवसांतच त्याच वाटेने खंडणीखोर सॉफ्टवेअर घुसवण्याचे प्रयत्न दिसले.

दुरुस्तीनंतर ब्रोकर आधी एकच गोष्ट पाहतो: सांगितलेला क्लास खरोखर चूक दर्शवणारा आहे का? नसेल तर तो तयारच करत नाही. निरोपांतून येणाऱ्या वस्तूंसाठी (ऑब्जेक्ट्ससाठी) विश्वासू पॅकेजेसची, म्हणजे क्लासच्या गटांची, यादी या ब्रोकरमध्ये २०१५ मध्ये उघड झालेल्या एका वेगळ्या दोषानंतरच आली होती. चूक कळवणाऱ्या सूचनेची वाट मात्र त्यानंतरही बरीच वर्षं उघडी राहिली.