जुनेरांचं भिंतचित्र

जुन्या कपड्यांची गोधडी शिवणं आपल्या घरांना नवं नाही. तेच जुनेर भिंतीवर लावायचं तर हिशेब बदलतो. गोधडीला उबेसाठी थर लागतात. भिंतीवरच्या कापडाला स्वतःचं वजन पेलावं लागतं आणि रोजचा उजेड सोसावा लागतो.

कात्री कशाला लावायची

धड असलेल्या पैठणीला कात्री लावू नये, असं माझं ठाम मत आहे. ती नेसलीच जावी. घडीवर चिरलेलं रेशीम, आजोबांच्या धोतराचा काठ, खणाच्या चोळीची बाही, इरकली लुगड्याचा उरलेला धडपा, हे खरं सामान. तुकडा घेताना कपड्याची ओळख सांगणारी जागा निवडा. अस्सल इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याशी फासे घालून मागावरच जोडतात. तो सांधा अख्खा येऊ द्या. सदऱ्याच्या खिशावरचा शाईचा डाग, आईच्या हातचं रफू हेही झाकू नका. माणूस ओळखू येतो तो तिथेच.

धुणं आणि अस्तर

पांढरं ओलं फडकं घासून रंग उतरतो का ते पाहा. सुती कपडे गार पाण्यात धुवा; जरीचं रेशीम भिजवू नका, कडक इस्त्रीही नको. विरलेल्या कापडामागे मलमलीचं अस्तर कच्च्या टाक्यांनी धरा. कापताना उभा-आडवा धागा सांभाळा, तिरपा काप ताणला जातो.

मांडणी आणि टाके

पाया मांजरपाटाचा. साधारण 60 बाय 90 सेंटिमीटर आकार घरच्या भिंतीला पुरतो. सगळे चौकोन सारखे कापले की दुकानातल्या नमुन्याची कळा येते, म्हणून एक तुकडा ठसठशीत ठेवा आणि बाकीचे त्याच्या कलाने लावा. कडा 6 मिलिमीटर आत दुमडून टाचा, मग धावदोरा घाला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी ही गोधडी शिवतात ती कोपऱ्यापासून सुरू करून, कडेकडेने आत सरकत, आणि कोपऱ्यांवर कापडाची घडीव ‘फुलं’ लावतात. टाक्यांची ही वाट इथेही घेता येते. दोरा मात्र सैलसर ओढा, नाहीतर कापड आक्रसून कडा वाकड्या होतात.

टांगणं

वरच्या कोपऱ्यांत खिळे ठोकले की सगळा भार दोन टोकांवर येतो आणि जुनं कापड तिथेच फाटतं. मागे पूर्ण रुंदीचा नेफा शिवून त्यात लाकडी पट्टी घाला. पाठीवर सुती पट्टी लावून कोणता तुकडा कुणाचा, कोणत्या सालचा ते पक्क्या शाईने लिहा. दोन पिढ्यांनी हे सांगणारं कुणी नसतं. थेट ऊन लागेल अशी जागा टाळा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवरून हे चित्र काढून आतल्या कोरड्या खोलीत लावा.