कवितेतला ‘मी’ आणि निसर्ग : नातं ओळखायचं कसं?

‘कवितेतील स्व-ओळख आणि निसर्गाशी नातं’ असा विषय सिनॉप्सिससाठी घेतलात, तर पहिला प्रश्न हमखास येतो : नातं म्हणजे नक्की काय? कवितेत पाऊस, झाड, नदी किती वेळा आली हे मोजता येतं. पण त्यातून शब्दांची वारंवारता कळते, नातं नाही.

पर्यावरण-मानसशास्त्रात यासाठी साधनं आहेत. मायर आणि फ्रान्झ यांचं २००४ सालचं स्केल १४ विधानांचं आहे. शुल्ट्झ यांच्या साधनात वर्तुळांच्या सात जोड्या असतात. एक वर्तुळ ‘मी’, दुसरं ‘निसर्ग’. दोन्ही एकमेकांत किती मिसळलीत, ती जोडी आपण निवडायची. अडचण एवढीच, की कवी प्रश्नावली भरत नाही. म्हणून वर्तुळं कवितेतच शोधावी लागतात. माझ्या मते सुरुवात क्रियापदांपासून करावी : कवितेतला ‘मी’ निसर्गासोबत करतो काय?

उदाहरण घेऊ. बालकवींचा जन्म धरणगावचा, १८९० चा. बहिणाबाई चौधरींचा आसोद्याचा, १८८० चा. दोन्ही गावं जळगाव जिल्ह्यात, काळही जवळचा. विज्ञानाच्या भाषेत, दोन व्हेरिएबल बऱ्यापैकी स्थिर. तरी फरक पडतो. बालकवींकडे मुख्यतः पाहणं आहे. निसर्गाला माणसाचे भाव मिळतात. बहिणाबाईंकडे हात कामात आहेत; पेरणी, मळणी करता करता जगण्याचा अर्थ लागतो. पुढे ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये रान आणि शेतकरी ‘मी’ वेगळे काढणं अवघड होतं. पाहणं, राबणं, एक होणं : ही झाली तीन कोटींची कच्ची मांडणी.

दोन पथ्यं पाळा. एक, कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी स्वतः, असं धरून चालू नका. दोन, पाठ तपासा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने आली. शब्दांवर निष्कर्ष काढताना हे लक्षात ठेवावंच लागतं.

आता आपल्या भागाकडे या. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात येते. मंदिरातला शिलालेख १०६० सालचा, आणि आजची नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेली. इथल्या एखाद्या कवितेत नदी दुर्गंध, राग किंवा नाक दाबून पूल ओलांडणं म्हणून आली, तर ‘नातं कमी’ असा शेरा मारायचा का? मला नाही वाटत. राग यायलाही नदी आपली वाटावी लागते. पण वरच्या तीन कोटींत हा राग कुठेच बसत नाही. म्हणजे चौथी कोटी हवी.

ती कोटी आधी लिहून ठेवा, मग कविता गोळा करा. कुठली कविता सापडली तर आपली मांडणी चुकीची ठरेल, हेही त्याच पानावर लिहा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कवींवर काम करायचं असेल, तर सिनॉप्सिसची सुरुवात याच पानापासून होऊ शकते.