मळीचं अॅसिड

चायनीजच्या गाडीवरची व्हिनेगरची बाटली फिरवून पाहा. लेबलवर बहुधा ‘सिंथेटिक’ हा शब्द सापडेल. म्हणजे आत आहे पाणी घातलेलं अॅसेटिक अॅसिड. जगात आज ते मुख्यतः मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून होतं, आणि ते मिथेनॉल येतं नैसर्गिक वायू नाहीतर कोळशातून. उसाच्या मुलखाला दुसरी वाट आहे: मळी आंबवून अल्कोहोल, अल्कोहोलचं अॅसिड.

वाट जुनीच. प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीवर अल्कोहोलला हवा दिली की अॅसिड होतं, हे जर्मनीत डोबेरायनरने १८२० च्या दशकात दाखवलं होतं. कारखान्यात प्लॅटिनम कुठलं परवडायला! तिथे अल्कोहोलची वाफ आणि हवा तापलेल्या चांदीवरून नेतात. निघतं अॅसिटाल्डिहाइड, मोठं उडाणटप्पू: २० अंशांनाच उकळतं, त्यामुळे गार पाण्याची सोय हवीच. पुढच्या मनोऱ्यात त्यातून हवेचे बुडबुडे सोडतात, आणि खरी गंमत इथे आहे. अॅसिड थेट तयार होत नाही. आधी होतं परअॅसेटिक अॅसिड, आणि ते साठलं तर स्फोट. चिमूटभर मँगनीजचं मीठ त्याला साठूच देत नाही, लगेच पुढे ढकलतं. उत्प्रेरक म्हणजे वेग वाढवणारा, असं आपण शाळेत शिकलो. इथे तो पहाराही करतो.

तयार माल १६.६ अंशांखाली गोठतो. देशावरच्या डिसेंबरच्या रात्री तो पाइपात बसू नये म्हणून नळ्यांना वाफेचे वेढे द्यावे लागतात.

हिशेबही बघण्यासारखा. आंबवताना साखरेचं जवळपास निम्मं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. पुढे मात्र कागदावर ४६ किलो अल्कोहोलचं ६० किलो अॅसिड होतं. वरची भर हवेतल्या ऑक्सिजनची.

नव्या युक्त्याही आहेत. २००६ मध्ये डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर पाणीमिश्रित अल्कोहोलचं एकाच टप्प्यात अॅसिड केलं. २०१३ मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेत तर हवाही लागली नाही: रुथेनियमच्या संयुगाने अल्कोहोलला पाण्यातला ऑक्सिजन दिला, वर हायड्रोजन मोकळा झाला.

पण घोडं अडतं ते धातूपाशी नाही, अल्कोहोलच्या भावापाशी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यापासून त्याला तेल कंपन्यांचं हक्काचं गिऱ्हाईक मिळालंय. अॅसिडवाल्याने त्याच अल्कोहोलसाठी पैसे मोजायचे, आणि विकायचं मात्र मिथेनॉलच्या अॅसिडाशी भाव लावून.