कोंबडी नीट शिजते तेव्हा काय घडतं?

कोंबडीच्या अंगात कायम ४१ ते ४२ अंश सेल्सियस ऊब असते. माणसाला एवढा ताप चढला तर घरात धावपळ उडते. कोंबडी मात्र त्याच उबेत माती उकरत, दाणे टिपत मजेत जगते. आणि तिच्या आतड्यात राहणाऱ्या एका नागमोडी जिवाणूला नेमकी हीच ऊब लागते. त्याचं नाव कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय. ४२ अंशांच्या आसपास तो जोमानं वाढतो, ३० अंशांखाली त्याची वाढ थांबते. हवेतला नेहमीचा प्राणवायूही त्याला सोसत नाही आणि कोरड्या जागी तो फार टिकत नाही. इतका नाजूक जीव, तरी जिवाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांच्या जगभरातल्या मुख्य कारणांत त्याचा नंबर लागतो. या नाजूकपणामुळेच तो वैद्यकशास्त्राला उशिरा सापडला. कमी प्राणवायू आणि कोंबडीच्या अंगाएवढी ऊब दिली की तो प्रयोगशाळेत वाढतो, हे इंग्लंडच्या मार्टिन स्किरो यांनी १९७७ साली सोप्या पद्धतीनं दाखवून दिलं, तेव्हा कुठे डॉक्टरांना तो जागोजागी दिसू लागला.

आजारी पडायला असे किती जिवाणू पोटात जावे लागतात? रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी ते स्वतःवरच तपासलं. दुधातून अवघे ५०० जिवाणू त्यांनी घेतले आणि ते आजारी पडले. हा प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. कच्च्या कोंबडीतून निथळणाऱ्या पाण्याच्या एका थेंबात एवढे जिवाणू सहज मावतात.

बहुतेकांचं दुखणं ताप, पोटात कळा आणि जुलाबावर भागतं, आठवडाभरात माणूस उठतो. पण थोड्या जणांच्या बाबतीत गोष्ट इथे संपत नाही, आणि शरीरशास्त्रातला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. या जिवाणूच्या काही वाणांच्या बाहेरच्या आवरणावर शर्करेचे रेणू असतात. त्यांची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी जवळजवळ हुबेहूब जुळते. चोराच्या अंगातला सदरा आणि घरधन्याच्या अंगातला सदरा एकाच ठाणातून बेतलेला असावा, तसं हे आहे. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. जुलाब थांबून एक ते तीन आठवडे उलटतात आणि पायांना मुंग्या येतात, बळ जातं, अशक्तपणा वर चढत जातो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. हाच गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण त्यात महिने जातात.

हे नाव २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, काही जण दगावले. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला, काहींत नोरोव्हायरस. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. तरीही चिकन पूर्ण शिजवूनच खा, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी लोकांना सांगितलं. ते योग्यच होतं, कारण हा जिवाणू पाण्यातूनही येतो आणि ताटातूनही.

आपल्या खानदेशाचा कोंबडीच्या रोगाशी सामना त्याच्याही आधीचा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू उघड झाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चार गावांची नावं आली : हातेड, साळवे, सावदा आणि यावल तालुक्यातलं मारूळ. इथे मेल्या त्या परसातल्या, खुराड्यातल्या कोंबड्या. एच५एन१ हा विषाणू आजारी पक्ष्याच्या मांसातही भिनतो आणि फ्रीजरमध्ये गोठवून मरत नाही. मात्र मांस आतपर्यंत ७० अंशांना पोचलं की तो संपतो. त्या साथीत महाराष्ट्रात माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालं नाही.

उष्णता नेमकं करते काय? जिवाणू काय, विषाणू काय, ज्या प्रथिनांवर त्यांचं सारं काम चालतं ती विशिष्ट घड्यांमध्ये दुमडलेली असतात. ताप वाढला की त्या घड्या उलगडतात आणि पुन्हा तशा बसत नाहीत. अंड्याचा पारदर्शक भाग पांढरा होतो तो यामुळेच. साल्मोनेला हा कोंबडीतून येणारा दुसरा जिवाणू ६० अंशांना हळूहळू मरतो, ७४ अंशांना जवळजवळ क्षणात. अडचण असते ती उष्णता आत पोचण्याची. तुकड्याची जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत ती जायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून तंदूरवर वरून काळपट झालेली तंगडी हाडाशी कच्ची राहू शकते. रंगावर विसंबूनही चालत नाही : कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला लाल रंग पूर्ण शिजल्यावरही आजूबाजूच्या मांसात उतरतो.

गावरान कोंबडीच्या रश्श्याचा मला म्हणून फार आदर वाटतो. वर्षभर अंगणात, शेतात फिरलेल्या कोंबडीचे तंतू घट्ट विणलेले असतात. तासभर उकळ्या फुटल्याशिवाय ती दाताखाली तुटत नाही. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात ती रटरटते तेव्हा १०० अंशांच्या आसपास कॅम्पिलोबॅक्टर उरत नाही आणि साल्मोनेलाही. आपल्या आज्यांनी जिवाणूचं नाव ऐकलं नव्हतं, पण कोंबडीच्या चिवटपणानंच घराला राखलं. सहा आठवड्यांत वाढलेला ब्रॉयलर मात्र वीस मिनिटांत मऊ पडतो. मऊ झालं म्हणजे शिजलं, हा जुना हिशेब त्याला लागू होत नाही. कलेजीचंही तसंच. जिवाणू तिच्या आतपर्यंत असू शकतो, म्हणून ती वरवर परतून भागत नाही.

आणि चुलीवर रस्सा कितीही उकळला, तरी धोका विळीवर शिल्लक राहतो. चिकन कापलेल्या विळीवर लगेच कांदा-काकडी चिरली तर जिवाणू न शिजवताच ताटात येतो. नळाखाली जोरात धुतलेल्या चिकनचे शिंतोडे ओटाभर उडतात; धुण्यानं जिवाणू जात नाहीत, पसरतात. कोशिंबीर आधी चिरून ठेवा, चिकन नंतर कापा, विळी आणि हात साबणानं धुवा. घरात लहान मूल, गर्भवती किंवा म्हातारं माणूस असेल तर यात जराही सूट नको. कुणाच्या घरी पंगतीला बसलात आणि तंगडी हाडाशी कच्ची लागली, तर यजमानांची भीड धरू नका. पातेलं पुन्हा चुलीवर चढवायला सांगा.